डाव्या पायाचा ब्रेक

१४ जानेवारी २०२४ रोजी बदरुद्दीनने अकोल्याहून मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, आणला. किंमत सहा हजार चारशे पन्नास रुपये, आणि आतली तार जळालेली. त्याच्या जुन्या बीएसए मोटारसायकलचा एवढाच भाग मिळायचा राहिला होता. चेसिस कारंज्याला कागदपत्रांसह मिळाली, टाकी एका गोठ्यात सापडली, आणि इंजिन धनजला. तिथे एकाने त्यावर कडबा कापायचं यंत्र चालवलं होतं.

हे सगळं येऊन पडत होतं वाशीमच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. अंगणात ठेवलं तर भंगारवाले उचलतील, असं त्याचं म्हणणं. पाच वर्षं पाहुणे स्वयंपाकघरात बसले. त्याच्या बायकोने, अन्वरीने, कधी कटकट केली नाही. पण धाकट्या मुलीची, नमराची, सोयरीक जुळली तेव्हा तिने एकदाच सांगितलं, "नमराचे अब्बा, मंगनीच्या आधी मले हिच्यावर बसवून शेलूबाजारले बहिणीकडं न्या. नाहीतर त्या नागपूरवाल्याले देऊन टाका."

नागपूरचा एक शौकीन सगळा पसारा आहे तसा न्यायला तयारच होता; तसा त्याचा फोनही आला होता.

विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात बदरुद्दीनची हयात गेली होती. मॅग्नेटोची तार मात्र केसासारखी. दुकान बंद ठेवून त्याने ती हाताने गुंडाळली, तुटली तेव्हा पुन्हा गुंडाळली. मंगनीच्या आदल्या रविवारी इंजिन धडधडलं. अन्वरी नवी ओढणी घेऊन मागे बसली.

या विलायती गाडीचा ब्रेक डाव्या पायात आणि गियर उजव्या पायात. पाच वर्षं येईल त्याला बदरुद्दीन हे समजावत आला होता. पण चालवली होती जन्मभर आपल्याकडची गाडी. गल्लीच्या कोपऱ्यावर किशनची पेरूंची हातगाडी दिसली आणि त्याचा उजवा पाय खाली गेला. मोटारसायकल वरच्या गियरमध्ये पडली आणि सरळ पेरूंत शिरली.

"बदरूभाई," पेरू वेचत किशन म्हणाला, "ब्रेक घरीच इसरले काय?"

लोक हसले. बदरुद्दीनला नागपूरवाल्याचा फोन आठवला. अन्वरी उतरली होती. तिने ओढणी झटकली, हेडलाइटच्या काचेवरून हात फिरवला. काच शाबूत होती. मग ती पुन्हा मागे बसली.

"चला," ती म्हणाली. "पाय मी सांगतो."

शेलूबाजारपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला, रस्त्यात आलेल्या प्रत्येक बकरीला तिने त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारून "डावा" म्हटलं. परतीच्या वाटेवर त्याला त्याची गरज उरली नव्हती. तरी ती म्हणतच होती, आणि तो ऐकत होता.

मंगनीचे पाहुणे बैठकीत बसले. फरशीवरच्या तेलाच्या डागावर सतरंजी होती. मोटारसायकल अंगणात, साखळीने खांबाला बांधलेली.

किशनचे पेरूंचे एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.