रक्तपेढीतली खाट

आईला काय झालं होतं असं कुणी विचारलं की काकू माझ्या आधीच सांगून टाकते, "रक्त कमी पडलं." ते बरोबर नाही. रक्त मिळालं होतं. पण दर वेळी ते समजावून सांगण्याचं त्राण आता माझ्यात राहिलेलं नाही, म्हणून मी नुसती मान हलवते. इथे सावकाश लिहिता येईल.

आईचे गुडघे दुखायचे. तेलगावहून ती माझ्याकडे बीडला आली की तिच्या पिशवीत एक कापडी थैली असायची आणि थैलीत दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या. त्या ती कुणाला न विचारता घ्यायची, बहुतेक वेळा उपाशीपोटी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या गोळ्यांनी पोटात जखम होते हे मी वाचलं होतं आणि तिला सांगितलंही होतं. "माझं पोट दुखत न्हाई, गुडघं दुखतेत," असं म्हणून ती विषय संपवायची.

त्या नवरात्रात ती माझ्याकडेच होती. पाचव्या माळेला सकाळी तिला उलटी झाली. आधी चहाच्या चोथ्यासारखी काळपट, मग लाल. मोरीत उभी राहून ती स्वतःच पाणी ओतून ते घालवत होती, मी पाहू नये म्हणून. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत तिचे ओठ जुन्या कागदासारखे दिसायला लागले होते.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण बोलले नीट. जठरात व्रण आहे, त्यातली रक्तवाहिनी उघडी पडली आहे. तोंडातून दुर्बीण घालून ती बंद करायचा प्रयत्न करता येईल, मात्र अंगात इतकं कमी रक्त असताना लगेच हात घालता येणार नाही. आधी रक्त चढवायला हवं. आईचा गट निघाला ओ निगेटिव्ह. या गटाच्या माणसाचं रक्त सगळ्यांना चालतं, त्याला मात्र फक्त त्याच गटाचं लागतं. रक्तपेढीत तशी एकच पिशवी होती. ती लगेच लावली. "पुढचं तुम्ही बघा, गट दुर्मीळ आहे," असं रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या. माझा गट वडिलांचा, पॉझिटिव्ह. मी काही उपयोगाची नव्हते.

काकूला फोन केला तो रडण्यासाठी. ती म्हणाली, "अगं, तुझ्या काकाचा हाच गट हाय की! शिबिरात रक्त दिलतं तवा त्या पोरांनी फोटो काढलता, लई मोलाचा माणूस म्हणून."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर आमची शेती त्यांनीच पाहिली. आईला ते वहिनी म्हणायचे, आई त्यांना भावजी. दोघांचं बोलणं बहुतेक कुरकुरतच चालायचं. ते जीपमधून उतरले तेव्हा मला आधी त्यांचे पाय दिसले. पाय अनवाणी होते. दाढी वाढलेली होती.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "काय काका, चप्पल चोरीला गेली का दवाखान्यात?"

"देवीनं नेली. दसऱ्याला देते म्हणली," काका म्हणाले आणि मला घेऊन आत शिरले.

रक्तपेढीतल्या बाईंनी वय विचारलं, वजन केलं, बोटातून थेंब काढून पाहिला. "जेवलात का?"

"भगर खाल्ली. शेंगदाण्याची आमटी."

"चालतंय. झोपा इथं."

भिंतीला लागून लोखंडी खाट होती, वर काळी रेक्झिनची गादी. काका खाटेजवळ गेले आणि थांबले. मला वाटलं सुईला भ्यायले.

"बाई, खाली अंथरा कायतरी. मी खाली झोपतो. मग काढा, म्हणाल तेवढं."

"खाली कावून?"

"घट बसल्यापासून खाटेवर पाठ टेकत न्हाई मी. दसऱ्यापर्यंत न्हाई टेकायची."

आमच्याकडे नवरात्र असं धरणारी माणसं आहेत. पायात काही घालायचं नाही, दाढी करायची नाही, खाटेवर आणि गादीवर झोपायचं नाही; झोपलं की नेम मोडला. मला ते माहीत होतं. पण ते आणि रक्तपेढी एका खोलीत येतील हे माझ्या मनात आलं नव्हतं.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, रक्त वरून खाली येतंय. पिशवी हाताच्या खाली लागती. तुमी जमिनीवर झोपल्यावर पिशवी कुठं ठेवू मी? पाताळात?"

"मग बसून देतो."

"उपवासाचा माणूस, बसून चक्कर आली तर मला एकाचे दोन पेशंट व्हायचे. बाहेर बाकडं असतं तर बाकड्यावर घेतलं असतं. त्या खुर्च्या हायत, जमिनीत ठोकलेल्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना झोपा म्हणणं मला जमत नव्हतं आणि नका झोपू म्हणण्याची माझी ताकद नव्हती. वर वॉर्डात आईची पिशवी संपत आली होती.

"यंदाचं कुणासाठी धरलंय, ठावं हाय का तुला?" काका मला म्हणाले. "वहिनीच्या गुडघ्यांसाठी. उठता-बसता माय-माय करती म्हणून देवीला बोललो होतो."

बाईंनी सुईचं पाकीट उघडायचं थांबवलं. मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "काका, गुडघे राहू द्या. आता माणूस वाचवायचंय."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, खाटेच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि आडवे झाले. काट्यांवर झोपावं तसे. पाठ पूर्ण टेकू नये म्हणून खांदे उचलून धरत होते. बाई म्हणाल्या, "ढिले सोडा अंग, न्हाईतर धार तुटती." मग त्यांनी अंग सोडलं. मूठ आवळत आणि सोडत ते छताकडे पाहत राहिले. पिशवी खाली तराजूसारख्या पाळण्यात हलत होती आणि भरत होती.

तपासण्या होऊन पिशवी वर यायला दुपार झाली. नर्सने पिशवीवरचा गट दोनदा मोठ्याने वाचला, मला वाचायला लावला, मग नळी जोडली. सुरुवातीला अगदी थेंबथेंब. "आज्जी, थंडी वाजतीय का? पाठीत दुखतंय का?" असं ती विचारत राहिली. आईने डोळे न उघडता नकाराची मान हलवली. मी त्या नळीकडे पाहत बसले. काकांचं रक्त इतक्या शांतपणे उतरत होतं की ते काकांचं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून डॉक्टरांनी जखमेला क्लिप लावली. आईच्या ओठांवर रंग आला. तिने पाणी मागितलं, मग कंगवा मागितला. काका पलंगापासून लांब, दाराशी उभे होते.

"भावजी, इकडं या. तंबाखू हाय का?"

"कावून?"

"तुमचं रक्त घातलंय ना अंगात. सकाळपासून तलफ आल्यागत होतंय मला."

नर्स हसली, बाजूच्या पलंगावरची बाई हसली. काका हसले नाहीत. आईला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं.

"खाटेवर झोपले म्हणं."

"झोपलो."

"मग तोंड कशाला पाडता? देवी विचारंल तर मला विचारंल. तुमचं रक्त माझ्याच अंगात हाय. मी सांगते तिला."

काकांनी नुसतं "हां" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती मऊ भात जेवली. मला वाटलं, दसऱ्याला घरी नेऊ. नवव्या माळेच्या सकाळी पुन्हा रक्त सुरू झालं. या वेळी भडाभडा, थांबेना. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली, तर दुसरीच एक रक्तवाहिनी उघडी पडली होती. लांबच्या रक्तपेढीतून पिशव्या निघाल्या होत्या आणि त्यातली एक लागलीही. ती अर्धी चढली तेव्हा आई गेली. म्हणून म्हणते, रक्त कमी पडलं नव्हतं. शरीर थकलं होतं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं आणि मला ते समजलं.

काकांना समजलं नाही, किंवा समजून उपयोगाचं झालं नाही. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, तरी ते खाली झोपतात. थंडीतही. काकू अजून रोज खाटेवर अंथरूण टाकते आणि काका ते उचलून जमिनीवर घेतात. मी तेलगावला गेले की काकू म्हणते, "तू शिकलेली हायस, तू सांग त्यांना." मी सांगितलं. व्रण, क्लिप, दुसरी रक्तवाहिनी, सगळं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तू म्हणतीस ते खरंच असंल," ते म्हणाले. "वहिनी बी म्हणली होती, मी सांगते देवीला. सांगितलं बी असंल तिनं, सांगितल्याबिगर राहणारी न्हवती. पण देवीनं ऐकलं का न्हाई, ते मला कोण सांगणार?"

नंतर मी तो विषय काढायचं सोडून दिलं.

पण परवा मला रक्तपेढीतल्या त्या बाई बाजारात भेटल्या. चेहरा ओळखून थांबल्या. "तुमचे काका येतात हं," त्या म्हणाल्या. "निगेटिव्हचा फोन गेला आणि आधी दिल्याला तीन महिने झालेले असले की येतात. बाळंतिणीला दिलं, अपघाताच्या पोराला दिलं. येतात, काही न बोलता खाटेवर झोपतात, चहा पिऊन जातात."

मी तेलगावला गेले तेव्हा काका ओट्यावर बसले होते. काकूला यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "काका, घरी खाली झोपता आणि तिथं खाटेवर झोपता?"

त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, बराच वेळ मळत राहिले.

"त्या खाटेवर मोडायचं ते मोडून झालंय बाई," ते म्हणाले. "तिथं आता काय राह्यलंय मोडायला?"

मग चिमूट तोंडात टाकण्याआधी त्यांनी हात जरासा माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे धरला, मागणाऱ्या कुणाला तरी द्यावी तसा, आणि मागे घेतला.