मोटरीचं बूड

आमच्या अण्णाइतका ठाम आणि तितकाच चुकीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हा माझा थोरला भाऊ. नवीन जालन्यात स्टेशनाजवळ राहायचा आणि एक जुनी मोटर बाळगून होता, कुठल्याशा जहागीरदाराने कंटाळून काढून टाकलेली. ती घेऊन तो कुठेही निघाला की मागच्या बाजूला दोन सायकली दोरखंडाने आवळायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मोटर बंद पडली तं? पायी जाता का मंग?"

मोटर बंद पडायचीच, आणि पडायची त्या सायकलींमुळेच. मागच्या चाकांवरचे कमानीचे पाटे मुळातच थकलेले. त्यावर माणसं, ट्रंका, आणि शेपटाला हे लोखंड. मोटरीचं बूड रस्त्याला टेकायला यायचं आणि तोंड आभाळाकडे. दिवे लावले तर उजेड बाभळींच्या शेंड्यांवर पडायचा. खड्ड्यात एखादा पाटा तुटला की अण्णा शांतपणे सायकली सोडायचा आणि आमच्याकडे जिंकल्यासारखा बघायचा. "पाह्यलं? मी म्हनलं न्हवतं?"

सायकली काढून ठेव, हा इलाज त्याला सोडून सगळ्या जालन्याला सुचला होता. अण्णाने जात्याची तळी आणून मोटरीच्या नाकाडावर बांधली. "मागं बसती म्हंजे पुढं हलकी हाय. साधा हिसाब!" मग मोटर दोन्हीकडून बसली.

पहिलटकरीण म्हणून मला माहेरी न्यायला तो टेंभुर्णीला आला, तेव्हा पाट्यांच्या वर बाभळीचे ठोकळे ठोकून आला होता. बूड खाली जायला जागाच ठेवली नव्हती. माझ्या सासूबाई मोटरीकडे बघून म्हणाल्या, "ही बसली हाय का उठू राह्यली?" गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या पाठीचे मणके सुटायची वेळ आली. मी खाली उतरले आणि सरकीची पोती घेऊन जालन्याला निघालेल्या बैलगाडीत बसले. अण्णा बिलकुल चिडला नाही. "जाय," म्हणाला, "मी तुझ्याआधी पोचतो." मी आईच्या हातचं जेवून आडवी झाले होते, तेव्हा तो सायकलवर घामाघूम होऊन आला.

शेवटी त्याने करीमचाचा लोहाराला गाठलं. चाचाही अण्णाइतकेच ठाम. म्हणाले, "ऐसी उठाता हूँ अण्णा, दस आदमी बैठो, हिलेगी नहीं." दोघांनी मिळून दोन्ही बाजूंना नवे जाड पाटे घातले. मोटर उठली, म्हणजे नाकतोड्यासारखी बुडाने वर उठली. रिकामी चालवली की उड्या मारायची. तिला खाली बसवायला अण्णाने आत वाळूची पोती ठेवली. सायकली होत्याच. या माणसापुढे मी हात टेकले.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात निजामाच्या राज्यात कुणाचाच कुणावर भरवसा उरला नव्हता. गावातली घरं एकेक करून कुलपं लावून हद्दीपलीकडे वऱ्हाडात चालली होती. एका सकाळी अण्णा टेंभुर्णीत दारात उभा. मोटरीत वाळू नव्हती, मागे सायकली नव्हत्या. "चला, जल्दी! भांडीकुंडी ऱ्हाऊ द्या." मी, माझी तान्ही पोर, घरचे, शेजारचे, अशी दहा माणसं त्याने कोंबली. गुडघेदुखीवाले माझे चुलत सासरे पुढे त्याच्या शेजारी बसले. मोटर बसली नाही की कुरकुरली नाही. हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण त्याला बोलून दाखवायची सवय मला नव्हती.

हद्दीपलीकडच्या गावात आम्हांला उतरवून त्याने लगेच मोटर वळवली.

"आता कुठं?" मी विचारलं.

"आईला आनतो. ती म्हनली, आधी लेकीला ने."

"उद्या जाय की. रस्त्यात काय चाललंय, ठावं हाय ना?"

"उद्याचं कुनी सांगावं? मोटर आज चालू हाय. तू पोरीला पाज, मला अक्कल शिकवू नको."

पाणीसुद्धा न पिता तो गेला.

काही दिवसांनी आई आली ती करीमचाचांच्या छकड्यातून, कडब्याखाली लपून. अण्णा घरी पोचलाच नव्हता. पुढे शांतता झाल्यावर मोटर परतीच्या वाटेवर, जाफराबादच्या रस्त्याला लिंबाखाली सापडली. तिला काहीच झालं नव्हतं. अण्णाचा पत्ता कधीच लागला नाही.

त्या पावसाळ्यात, अजून वऱ्हाडातच असताना, एकदा जेवताना चुलत सासरे म्हणाले, "अण्णानं येडेपना केला. कशाला माघारी जायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः त्याला याहून वाईट बोलत आले होते. पण मी हातातली भाकर खाली ठेवली.

"मामंजी," मी म्हणाले, "तुम्ही इथवर कशात बसून आलते?"

ते ताटातली भाकर कुस्करू लागले. मी उठून त्यांना आमटी वाढली.