मड्डम व्हेरी स्प्राय!

जव्हार संस्थानात त्या काळी इंग्रजी येणारी माणसं फार थोडी होती आणि त्यांच्यात माझी गणना चुकून होत असे.

मी जंगलखात्यात हंगामी कारकून होतो. एकदा निरोप आला, की मुंबईहून एक गोरा साहेब सागाचं रान पाहायला मोखाड्याकडे येतोय, बरोबर त्याची नवी बायकोही आहे. आमचे वरिष्ठ मला म्हणाले, "तू दुभाष्या. साहेब खूश झाला तर नोकरी पक्की. नाहीतर साखरशेत गावी जा आणि नाचणी लाव!" (नाचणी लावणं मला इंग्रजीहूनही कमी येत होतं.)

साहेब खूश व्हायचा तर आधी मड्डम खूश व्हायला हवी, एवढं मला लग्न झाल्यापासून कळत होतं. मड्डम भारी झपझप चालते असं कानावर आलं होतं. म्हणून 'चपळ'साठी शब्दकोश उघडला. पहिला शब्द 'अजाइल' की 'अजील', तेच कळेना. दुसरा 'निंबल', त्याला कडुनिंबाचा वास येत होता! तिसरा 'स्प्राय'. छोटा, सुटसुटीत, जिभेवरून टुणकन उडी मारणारा. तोच घोकला.

सूर्यमाळच्या चढावर साहेब धापा टाकत मागे आणि मड्डम धोंड्यांवरून उड्या मारत पुढे. मी संधी साधली.

"मड्डम व्हेरी स्प्राय!"

मड्डम थांबली. तिने केसांवरून हात फिरवला, मग गालांवरून. साहेबाला हसता हसता ठसका लागला. मला वाटलं, शब्द चांगलाच आवडलेला दिसतोय! मी आणखी मोठ्याने म्हणालो, "सो स्प्राय! मॉर्निंग टू इव्हिनिंग स्प्राय!"

मड्डम खडकावर बसली ती उठेचना. म्हणाली, एवढं वय झालेल्या बाईला चढ कसा चढवेल? उचलून न्या!

सूर्यमाळच्या रानात डोली कुठली? जवळच्या पाड्यावरून एक बाज आणली. उचलायला तीन गडी मिळाले. चौथा खूर माझ्या खांद्यावर आला. वर मड्डम छत्री उघडून बसलेली, खाली मी घामाने निथळत एकाच विचारात: चपळ म्हटल्यावर माणसाला राग का यावा?

वरच्या पाड्यात माझी म्हातारी आत्या राहायची. तिच्या अंगणात बाज टेकवतोय तोच ती दरीतल्या झऱ्यावरून भरला हंडा डोक्यावर घेऊन आली, तीही जवळजवळ पळतच! मड्डमने तिच्याकडे बोट दाखवलं. "शी इज स्प्राय!"

मी चक्रावलो. "शी स्प्राय, यू नो स्प्राय? व्हाय?"

मड्डम बाजेवरून उतरली. कमरेत वाकली, तोंडाचं बोळकं केलं, छत्रीची काठी केली आणि त्याच अवतारात अंगणभर उड्या मारल्या! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हा तर आपला 'टुणटुणीत'! म्हातारी माणसं टुणटुणीत असतात. नव्या नवरीला कोण टुणटुणीत म्हणेल?

"काय बोलली रे ती बाय?" आत्याने हंडा उतरवत विचारलं.

शोधाच्या आनंदात मी सांगून टाकलं, "आत्या, तुला टुणटुणीत म्हणाली!"

"म्हंजे मला म्हातारी बोलली?"

"नाही गं! म्हातारी असूनसुद्धा..."

"आता तू बी बोललास!" आत्या हंडा परत उचलून घरात निघाली. "म्हातारीच्या हातचं पानी कशाला पितोस? जा, खाली झऱ्यावर जा!"

मड्डमने काय झालं म्हणून विचारलं. मी जमेल त्या इंग्रजीत सांगितलं. ती खो खो हसली, सरळ घरात गेली आणि आत्याला हाताने काहीतरी सांगून माझ्याकडे बोट दाखवलं. आत्याही हसली. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. पण दोघींच्या गप्पा भाकरी भाजून होईपर्यंत चालल्या होत्या. साहेबालाही भाकरी मिळाली, पाणी मिळालं. मी झऱ्यावर जाऊन आलो.

नोकरी मात्र पक्की झाली! जाताना साहेबाने वरिष्ठांना आवर्जून सांगितलं, "माणूस फार कामाचा आहे. बाज जराही हलू देत नाही. फक्त त्याला बोलायला लावू नका!"