अण्णांची कात्री

गेल्या आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकायला अण्णांच्या दुकानात गेले. चाळीस वर्षं आमच्या गल्लीचे कपडे शिवणारे अण्णा माझंच कापड बेतत होते. खडूची रेघ त्यांना नीट दिसली नाही आणि कात्री गळ्याच्या खुणेच्या पलीकडे गेली. थोड्या वेळानं त्यांनी कात्री सुनेपुढे ठेवली.

“सुमन, यापुढे तूच काप. मला हूक-बटणं देत जा.”

आई गेल्यावर तिच्या साड्या वाटून टाकल्या त्या दिवशी मला वाटलं होतं, सोडायचं ते सोडून झालं. पण तिच्या हातची लोणच्याची बरणी तळाला लागली, तेव्हा तिला पुन्हा नव्यानं सोडावं लागलं. सोडणं एका खेपेत कधी होतच नाही.

काल ब्लाउज आणायला गेले, तर सुमन पाठमोरी बसून अण्णांनी लावलेले हूक उसवत होती, पुन्हा लावत होती. अण्णांनी ते पाहिलं. मग हळूच उठून खुर्ची दाराबाहेर नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

“इथं जरा वारा लागतो,” मला म्हणाले.

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.