चेरुकुतची इर्जिक

चेरुकुतच्या हातची मक्याची दारू प्यायला सिपी नदीच्या तिन्ही धबधब्यांकडची माणसं डोंगर चढून यायची, या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांपूर्वी ती येशूच्या नावाने तारण पावली. मडकी पालथी घातली, पिण्याच्या लांब नळ्या चुलीत घातल्या आणि चर्चमधला ढोल मांडीवर घेतला. तेव्हापासून दर रविवारी पहिल्या बाकावर तीच. तिचा हात पडल्याशिवाय गाणं सुरू होत नसे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. गरीब बाईला गावात मानाची जागा मिळणं सोपं नसतं. मिळाली की ती दोन्ही हातांनी धरते.

घरी दोन गाई, थोडी कॉफीची झाडं, आणि कड्याच्या टोकाला बटाट्याचं वावर. वावराच्या कडेवरून वाकून पाहिलं की खाली मधला धबधबा. पाण्याच्या पडद्यामागे गुहा आहे. गुहेच्या भिंतीत खारी माती आहे, ती गाई चाटतात. दुकानात मीठ मिळतं हो, पण दुकानातलं मीठ गाय तोंडदेखलं चाटते आणि मालकिणीकडे अशी बघते की मालकिणीलाच लाज वाटावी.

चेरुकुतचं त्या गुहेशी नातं गाईंपुरतं नव्हतं. ती सात वर्षांची असताना खालच्या मैदानातून गुरं पळवणाऱ्या टोळ्या वर यायच्या. एका उन्हाळ्यात अख्खी वस्ती गुरांसकट त्या गुहेत राहिली. बाहेर पाणी कोसळायचं, त्यात गाईंचं हंबरणं बुडून जायचं. धूर तुषारांत विरायचा. आई लोखंडाच्या तुकड्याने भिंत खरवडायची आणि माती तळहातावर धरून गाईपुढे न्यायची. गाय चाटायची आणि गप्प व्हायची. मग आई तोच ओला हात चेरुकुतच्या गालाला पुसायची आणि दोघी तोंड दाबून हसायच्या. गुहेत पिसवा होत्या, उपास होते, एक म्हातारा खोकून खोकून तिथेच गेला. तरी पन्नास-साठ वर्षांनी चेरुकुतला आठवायचं ते एवढंच: आई दिवसभर जवळ होती. त्याच्या आधी आणि नंतर आई कधीच दिवसभर जवळ नव्हती, तिच्या डोक्यावर कायम कुठलं ना कुठलं ओझं असायचं.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एकाने गुहेकडच्या जुन्या वाटेलगतची जमीन घेतली, लॉज बांधला आणि वाटेवर फाटक घातलं. चेरुकुत लाल गाईला घेऊन गेली, तर पहारेकरी म्हणाला, "तिकीट?"

"गाईचंही?"

"गाईला आत सोडत नाहीत, कोको," तो आजीला म्हणतात तसं म्हणाला. " पाहुण्यांना वास येतो."

"आणि तुझा येत नाही?"

फाटक घालायला कुणाला विचारावं लागत नाही आणि चालायला मात्र तिकीट लागतं, असला न्याय. यंदा तर लॉजवाल्याने गुहाच आपल्या नावावर मागितली. गावसभेची माणसं पाहणीला यायची होती. अध्यक्षाने चेरुकुतला स्पष्ट सांगितलं, "रडगाणं नको. गावाची गुहेपर्यंत वापरातली वाट असेल तर गुहा गावाची. नसेल तर त्याची. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी येतो."

वाट काढायला एकच जागा होती: तिचं वावर. कड्याला पायऱ्या खोदायच्या, गाय उतरेल अशा रुंद. तीस माणसांचं एका दिवसाचं काम.

तीस माणसं म्हणजे इर्जिक. आणि इर्जिक म्हणजे मडकं. आजोबा-पणजोबांपासून इथे कुणाचं घर, कुणाचं शेत उभं राहिलं ते असंच. ज्याचं काम, त्याची दारू.

पण तारण पावलेल्या बाईने मडकं कसं लावायचं? चेरुकुतने दूध घातलेला चहा केला, पातेलंभर बटाटे उकडले, आणि घरोघर सांगून आली. शनिवारी चौघं उगवली. चर्चमधल्या तीन म्हाताऱ्या, आणि तिचा दीर लाबू, तोही रिकाम्या हाताने.

"कुदळ कुठेय?" चेरुकुतने विचारलं.

"घरी आहे, वहिनी. मी आधी वास घ्यायला आलो. वास आला असता तर कुदळ आपली आपण चालत आली असती."

"लाज नाही वाटत? तुझ्या गाई चाटणार नाहीत तिथे?"

"चाटतील की. पण गाई कुदळ मारत नाहीत, माणसं मारतात. आणि माणसांना चहावर तुम्ही बटाटेही काढायला लावू शकणार नाही." तो चहा मात्र दोन पेले प्यायला.

म्हाताऱ्यांनी संध्याकाळपर्यंत तीन पायऱ्या खोदल्या. चौथीला खडक लागला.

त्या रात्री चेरुकुतला झोप आली असेल असं वाटत नाही. सकाळी तिने मक्याचं पीठ भिजवून आंबायला घातलं. मोड आणायला नाचणी ओली करून फडक्यात बांधली. हाताला काही विचारावं लागलं नाही. पाचव्या दिवशी अंगणात पत्र्यावर आंबलेलं पीठ भाजायला घेतलं, तेव्हा वास अख्ख्या उतारावर पसरला आणि शेजारची पोरं कुंपणावर चढून बसली. तिच्या नवऱ्याला हा वास फार आवडायचा. तो पत्र्याशी उकिडवा बसून जळके तुकडे वेचून खायचा आणि म्हणायचा, "तू अशीच भाजत राहा, मी मरणार नाही." मेला. पण वास तोच होता.

पास्टर मंगुशो वासामागोमाग आलेच. माणूस वाईट नव्हता, फक्त तरुण होता.

"आई, हे काय चाललंय?"

"दिसतंय ते."

"तुम्ही देवापुढे शब्द दिला होता."

"दिला होता. पिणार नाही म्हणून दिला होता. मी करतेय, पीत नाहीये."

"दुसऱ्याला पाजणं वेगळं असतं का?"

चेरुकुतने उलथणं थांबवलं नाही. "तुम्ही तीस माणसं घेऊन या, पास्टर. बायबल घेऊन या, कुदळी घेऊन या. मी आत्ता हे गुरांना घालते."

पास्टर आल्या वाटेने परत गेले. त्यांच्याकडे तीस माणसं नव्हती.

बुधवारी दिवस उगवायला सदतीस माणसं आली. कुदळी, पहारी, शिडीसाठी बांबू. लाबूने पहार आणली होती आणि वर एक नवी नळीसुद्धा. पहिलं मडकं कामाआधी उघडायची रीत आहे, घोट घोट घ्यायचा आणि मग हत्यार उचलायचं. चेरुकुतने मडकं अंगणात ठेवलं, गरम पाणी ओतलं आणि बाजूला झाली.

कुणी हललं नाही.

"प्या की," ती म्हणाली.

"वहिनी," लाबू हळूच म्हणाला. चेष्टेचा सूर गेला होता. "करणारणीने आधी घोट घेतल्याशिवाय कोण नळी लावणार? तुमच्याच घरी शिकलो आम्ही हे."

ही एक गोष्ट ती अकरा वर्षांत विसरली होती. करणारणीचा पहिला घोट, म्हणजे यात विष नाही, कपट नाही, या आणि माझ्या कामाला हात लावा. तो घोट घेतला नाही तर तो सदतीस माणसांचा अपमान, आणि अपमान झालेली माणसं घरी जातात. कॉफीच्या झाडांपाशी पास्टर उभे होते. ते तिला दिसले. त्यांना ती दिसली.

तिने लाबूच्या हातातली नळी घेतली आणि ओढली.

"झालं?" ती ओरडली. "आता खोदा! आणि ज्याची पायरी गाईखाली ढासळेल त्याला दुसऱ्या मडक्याचा वाससुद्धा देणार नाही!"

दिवस मावळायच्या आत वाट गुहेला टेकली. गुरुवारी पाच घरच्या गाई उतरल्या, चढल्या. शुक्रवारी गावसभेच्या माणसांना ताजं शेण चुकवत उतरावं लागलं, त्याहून मोठा पुरावा कुठला? अध्यक्षाने कागदावर लिहिलं, गुहा गावाची. लॉजवाला वर उभा राहून फोनवर बोलत राहिला.

रविवारी चेरुकुत ढोलापाशी बसलीच नाही. गाण्याआधी उभी राहिली. कुणी दुसऱ्याने सांगायच्या आत आपणच सांगावं, हा तिचा स्वभाव.

"मी दारू केली. त्याची मी माफी मागत नाही. घोट घेतला, त्याचीही नाही. पण तो घोट मला गोड लागला, पास्टर. फार गोड लागला. त्याच्यासाठी तेवढी प्रार्थना करा."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. पास्टरांनी हातातलं बायबल मिटलं.

"तीन महिने मागच्या बाकावर, आई. आणि दर मंगळवारी प्रार्थनेच्या आधी येऊन झाडलोट."

तिने ढोलाचा पट्टा शेजारच्या पोरीच्या गळ्यात घातला, नीट बसला का पाहिलं, आणि मागे जायला निघाली. अर्ध्यात थांबली.

"मागचा बाक चालेल," ती म्हणाली. "पण मंगळवारी मला जमणार नाही. मंगळवारी गाई मिठाला न्यायच्या असतात."