वस्त्रगाळ निळा

पेणहून दुबईला निघताना अण्णांनी एकच गोष्ट मागितली. "सोनं नको, खजूर नको. तो इजिप्तचा निळा मिळाला तर आण." अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर गणपती रंगवले, आता नजर विझत चाललीय. फिके रंग त्यांना पांढरेच दिसतात, गडद तेवढे कळतात. "माणसानं बनवलेला पहिला निळा म्हणतात. एकदा बघू दे." मी त्यांच्या हाताखाली घोटलेल्या रंगांना कधी साधं 'बरं' न म्हणणारा हा माणूस काही मागतोय म्हटल्यावर मी कसली नाही म्हणते!

दुबईत माझा धाकटा भाऊ सुधीर अल मनखूलला राहतो. विमानतळावरून आणून थेट थालीपीठ खायला बसवलं. त्याच्या लेकीला रंगाचं सांगितलं, तर म्हणते, "आत्या, इट्स जस्ट ब्लू!"

"जस्ट म्हणे! आजोबांसमोर म्हणून दाखव."

सुधीरच्या ऑफिसात कुणीतरी शारजाच्या एका इजिप्शियन कुंभाराचं नाव सांगितलं होतं. शनिवारी औद्योगिक क्षेत्रात गॅरेजं आणि टायरांच्या ढिगांतून दोनदा चुकलो, तेव्हा कुठे महमूदभाईंचा गाळा सापडला. गडी हसरा, हिंदी मोडकी. "रेती, तांबा, चूना, खार. भट्टी जास्ती गरम, तो हरा हो गया!" म्हणत त्यांनी लिंबाएवढा खडा माझ्या हातावर ठेवला. काय सांगू! अण्णा शंकराच्या गळ्याला देत, तस्सा निळा. माझे डोळेच भरून आले.

"अब पीसना..." ते सांगू लागले.

"भाईसाब, रंग घोटना हमको मत सिखाओ!" मी तोडलंच.

सुधीरच्या घरी आल्यावर पदर खोचला. खडा खलबत्त्यात कुटला, काचेवर घोटला, मलमलीतून गाळला, उरलेली भरड पुन्हा घोटली. अण्णांची शिस्त! दुपारभर राबले आणि वाटीत बघते तर काय, राखेसारखी फिकट भुकटी. निळा गेला कुठे?

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा शारजा. महमूदभाईंनी कपाळाला हात लावला. "दीदी, मोटा दाना, पक्का नीला. इतना बारीक पीसा, खलास!" दुसरा खडा नव्हता. पुढची भट्टी महिन्याने, माझं विमान परवा. त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी बसवून फूल (वालासारख्या दाण्यांची उसळ) आणि रोटी खाऊ घातली. चव आपल्या वालांच्या जवळची होती. पण त्यांना मध्येच तोडणाऱ्या स्वतःच्या जिभेचा असा राग आला होता!

पेणला पोचले. अण्णा ओटीवर वाटच बघत होते. मी भुकटीची पुडी उघडली. त्यांनी ती डोळ्यांशी नेली, उजेडाकडे वळले.

"पांढरा आहे गं."

"माझंच चुकलं, अण्णा. भरड ठेवायचा होता. मी घोटून घोटून घालवला."

 ते चिमूटभर भुकटी घेऊन अंगठ्यानं बोटावर चोळत राहिले. बराच वेळ.

"तूच घोटलास?"

"हो."

"एक कण लागत नाही हाताला." पुन्हा चोळलं. "माझ्याच्यानं एवढा बारीक कधी झाला नाही."

मग पुडीची नीट घडी घालून त्यांनी ती आपल्या खिशात ठेवली.