चरबीचं वकीलपत्र

माझ्या सासऱ्यांइतका निष्ठावान वकील चिक्कडपल्लीतल्या एकाही आरोपीला मिळाला नसेल. ते जे खटले हरले, ते सगळे न्यायाधीशांच्या अज्ञानामुळे. निवृत्तीनंतर कोर्ट सुटलं, उलटतपासणी सुटली नाही. कोथिंबीर ताजी आहे असं भाजीवाला म्हणाला, की "तोडताना तू हजर होतास?" पंखा बंद पडला तरी आधी पंख्याची बाजू ऐकून घेतली जाई.

काळा कोटही निवृत्त झाला नव्हता. त्याच्या उजव्या खिशात बेगम बाजारातले काजू आणि खव्याचे पेढे एकत्र नांदत, ते माझ्या मुलीसाठी. शाळेतून आली की ती न विचारता त्या खिशात हात घाली. तिचं वजन वाढलं, तेव्हा "खात्यापित्या घरची आहे" असा निकाल लागला. दमा जडला, तेव्हा मूसी नदीकडून येणारी हवा आरोपी ठरली.

छातीच्या डॉक्टरीणबाई तेलुगू. त्यांनी समजावलं, की चरबी नुसती बसून राहत नाही, हार्मोन सोडते. ती फार वाढली की लेप्टिन वाढतं आणि सूज भडकवतं. सूज शमवणारं अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. मुलांच्या दम्याशी याचा संबंध दिसतो.

सासरे खुर्चीत पुढे सरकले. "साबित हुआ क्या, डाक्टरम्मा?"

"पूरा नहीं हुआ, सार. लेकिन वजन उतरे तो सांस को आराम मिल सकता."

"हौ! मतलब शक का फायदा!"

"किस को, सार? चरबी को या बच्ची को?"

सासऱ्यांनी कोट झटकला आणि ते उठले. संध्याकाळी खिसा पुन्हा भरलेला होता.

त्याच आठवड्यात मुलगी घराचा जिना चढताना मध्येच बसली. छातीतून शिट्टी वाजत होती. सासरे शेजारच्या पायरीवर बसले. "काय होतंय, बाळा? बोल की." तिला बोलता येईना. समोरचा साक्षीदार गप्प झाला आणि त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही, असं मी प्रथमच पाहिलं. मी इनहेलरचा पंप आणून दिला. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला.

"वकीलपत्र मागे घेतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

आता रोज संध्याकाळी दोघं चालायला जातात. कोट तोच, उजव्या खिशात पंप. ती पुढे पळते, मागून धापा टाकत हुकूम येतो, "नक्को पळू गं!"

"आबा, दमला तुम्ही, आणि ओरडता मला!"

परत येताना ती जुन्या सवयीनं खिशात हात घालते. पंप लागतो. हात मात्र ती खिशातच राहू देते, घर येईपर्यंत.